मेंदूच्या वाटा, भाग ६ : तक्त्यावर सहा-सहा, तरी एकाचे दोन

डोळे तपासायच्या तक्त्यात एक गोम आहे. तो एकेक डोळा झाकून वाचायचा असतो. उजवा झाकून शेवटची ओळ वाचली, डावा झाकूनही वाचली, की कागदावर दोन्हीकडे सहा-सहा पडतं आणि ‘नजर उत्तम आहे’ असं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं. पण ज्याला दोन्ही डोळे उघडे असतानाच एकाचे दोन दिसतात, त्याचं दुखणं त्या तक्त्यावर उमटतच नाही. गेल्या आठवड्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएसमध्ये डोळ्यामागची नस सुजून नजर कशी मंदावते ते पाहिलं. आज ज्याची नजर शाबूत आहे, पण डोळ्यांची हालचाल बिघडली आहे, अशा रुग्णाकडे वळू.

समजा, मालवणच्या बाजारपेठेत दुकान सांभाळणारी तिशीची बाई आहे. समोरचं गिऱ्हाईक तिला नीट दिसतं. मान न वळवता डावीकडच्या फळीवर नजर टाकली, की एका बरणीशेजारी दुसरी बरणी उभी. ‘डॉक्टरांनू, माका एकाचे दोन दिसतत,’ एवढंच ती सांगेल. यावर पहिला प्रश्न अगदी बिनखर्चाचा आहे: एक डोळा झाकल्यावर दुसरी बरणी जाते का? जात असेल, तर खोट एखाद्या डोळ्यात नाही, दोघांच्या जुळणीत आहे. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील, तर बहुधा मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर.

डावीकडे पाहायचं, तर डावा डोळा कानाकडे आणि उजवा नाकाकडे, दोघं एकाच क्षणी वळायला हवेत. रापण ओढताना दोन्ही टोकांची माणसं एका वेगाने दोर खेचतात म्हणून जाळं सरळ येतं. एक टोक मागे राहिलं, की सगळं वाकडं. डोळ्यांचा हुकूम सुटतो मेंदूच्या बुंध्यात, डावीकडच्या एका केंद्रातून. तो डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूला थेट जातो. त्याच वेळी तो मधली रेषा ओलांडून, उजव्या अंगाने वर चढून, उजव्या डोळ्याच्या आतल्या स्नायूचं केंद्र गाठतो. ही चढणीची वाट म्हणजे मायलिनच्या आवरणातल्या तंतूंची एक बारीक जुडी. एमएसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था मायलिनवरच उलटते. आवरण गेलं की संदेश रेंगाळतो किंवा पोचतच नाही. डावा डोळा झटकन पोचतो आणि तिथे थरथरतो. उजवा मागे राहतो. याला इंटरन्यूक्लियर ऑप्थॅल्मोप्लेजिया, थोडक्यात आयएनओ, म्हणतात.

यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट पुढे आहे. याच बाईला नाकाजवळ आणलेल्या बोटाकडे पाहायला सांगा. नाकाकडे यायला नकार देणारा तोच उजवा डोळा बहुतेक वेळा निमूट आत वळतो. म्हणजे स्नायू धड, त्याची नस धड. फक्त बाजूला पाहायच्या हुकमाची वाट तुटली आहे. बिघाड कुठल्या वाटेवर आहे ते सांगायला इथे ना यंत्र लागलं, ना वीज.

मात्र तपासणाऱ्याने फक्त संथ हालचाल पाहिली, की हे हातचं निसटतं. पेन हळूहळू फिरवलं, तर सौम्य आयएनओ असलेले डोळे अगदी शहाण्यासारखे त्यामागून जातात. एका बाजूला पेन, दुसऱ्या बाजूला अंगठा धरायचा आणि ‘पेन... अंगठा... पेन’ अशा उड्या मारायला लावायच्या. निरोगी डोळ्याची मोठी उडी सेकंदाला चार-पाचशे अंशांच्या वेगाने होते. तिथे मागे पडणारा डोळा चटकन नजरेत भरतो. तरुण माणसात दोन्ही बाजूंना आयएनओ असेल, तर पहिला संशय एमएसचा. साठीच्या, मधुमेह-रक्तदाबाच्या माणसात तो एकाच बाजूला अचानक आला, तर आधी पक्षाघाताचा विचार.

या उड्यांकडे नीट पाहण्याची मोठी परंपरा आपल्या मुंबईत आहे. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत मांडली. तोल जाणाऱ्या या रुग्णांचे डोळे विलक्षण संथ फिरत. तो आजार एमएस नव्हे, आनुवंशिक आहे. एससीए-२ म्हणून तो आज ओळखला जातो. तेव्हा एमआरआय नव्हता. होतं ते रुग्णासमोर बसून डोळ्यांचा वेग निरखणं.

एमएसमध्ये डोळे स्थिर न राहता सतत झुलण्याचाही त्रास होतो. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्येच तो या आजाराच्या खुणांत धरला होता. अशा माणसाला मालवणातल्या राजकोटच्या किनाऱ्यावर उभं केलं, तर समोरचा सिंधुदुर्ग किल्लाच हलताना दिसेल. गॅबापेंटिन किंवा मेमँटिन यांनी काहींचं हलणं कमी होतं.

कोकणातल्या वाचकांनी उष्म्याचं प्रकरण मुद्दाम ध्यानात ठेवावं. मायलिन गमावलेला तंतू अंग तापलं की आणखी अडखळतो. श्रमानंतर नजर मंदावते हे जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. २००८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पाणी खेळवलेला पोशाख घालून आयएनओच्या रुग्णांना तापवलं, तेव्हा मागे पडणारा डोळा आणखी मंदावला. गार केल्यावर सावरला. म्हणून मे महिन्याच्या दुपारी दोन दिसणं आणि आंघोळ करून पंख्याखाली बसल्यावर एक दिसणं, हे सोंग नव्हे. घरच्यांनी ‘नाटकं’ हा शब्द तेवढा आवरावा.

पावसाळ्यात एक इशारा. पहाटे उठल्यावर पापण्या गळालेल्या, दोन दिसतंय, बोलणं जड, पोटात दुखतंय, तर मण्यारीचा दंश असू शकतो. तिच्या दाताची खूण कित्येकदा दिसतही नाही. तिथे एमएसचा विचार करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं.

एमएस आपल्याकडे दुर्मीळ मानला जाई. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, मंगळुरूच्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची वस्ती साडेआठ लाख होती. तोच हिशेब इथे लावला तर साठ-सत्तर माणसं होतात. मालवणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज शंभर किलोमीटरहून दूर. पेन आणि अंगठा मात्र प्रत्येक दवाखान्यात आहेत.

नवा झटका असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस शिरेतून देतात. बहुतेकांना काही आठवड्यांत, कधी महिन्यांत उतार पडतो. तोवर एक डोळा झाकावा किंवा चष्म्याच्या काचेवर चिकटवायचं प्रिझम वापरावं. गाडी चालवू नये. पुन्हा झटके येऊ नयेत म्हणून लागणारी औषधं वेगळी आणि लांब मुदतीची.

अपंगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न आला, की तक्त्याची गोम पुन्हा आडवी येते. अंधत्व आणि अल्पदृष्टी ठरतात नजरेच्या तीक्ष्णतेवर आणि दृष्टीच्या आवाक्यावर, आणि आयएनओच्या या रुग्णांची नजर तर सहा-सहा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. अर्ज भरताना दृष्टिदोषाचा रकाना सोडून त्या नावापुढे खूण करावी, आणि न्यूरॉलॉजिस्टचे कागद सोबत जोडावेत.