अड्यारच्या वडाखाली

सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, हा प्रश्न आपल्या घरोघरी असतो. खिसा पाहूनच गाव ठरते. आम्ही यंदा आईला आणि मुलांना घेऊन चेन्नईला गेलो. समुद्र पाहिलाच, पण बंधू-भगिनींनो, सांगायचे आहे ते अड्यार नदीकाठच्या एका बागेविषयी.

थिऑसॉफिकल सोसायटीने ही जागा 1882 साली घेतली. तेव्हा ती 27 एकर होती, आज अडीचशे एकरांहून अधिक आहे. जवळच नदी समुद्राला मिळते. फाटकाच्या आत शिरलो आणि शहराचा गोंगाट मागे राहिला. दाट झाडी, पाखरांचा आवाज आणि एक छोटे बुद्धविहार. तिथे आम्ही सर्वांनी वंदना घेतली.

मग वड पाहिला. सुमारे 450 वर्षांचा मानतात. त्याचे मूळ खोड 1989 साली वादळात कोसळले. तरी झाड उभे आहे, कारण पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे झाली आहेत.

सावलीत बसलो असता धाकटीने विचारले, ‘‘आजी, पूर्वी आपल्याला इथे येऊ दिले असते का गं?’’ आई गप्प राहिली. उत्तर आम्ही दिले, आणि तेच येथे लिहीत आहोत.

सोसायटीचे एक संस्थापक कर्नल ऑल्कॉट मूळचे अमेरिकन. 1880 साली त्यांनी श्रीलंकेत पंचशील घेतले. आपण जयंतीला लावतो तो बौद्ध ध्वज 1885 साली कोलंबोत तयार झाला. तो नेहमीच्या झेंड्याच्या मापाचा करावा, ही सूचना त्यांचीच. 1894 साली त्यांनी अड्यारजवळ अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. पुढे 1898 साली पंडित अयोथी दास त्यांच्या साहाय्याने श्रीलंकेला गेले, दीक्षा घेऊन परतले आणि मद्रासेत शाक्य बौद्ध संघ उभा राहिला. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या 58 वर्षे आधीची ही गोष्ट! त्याच मद्रासचे प्रा. लक्ष्मी नरसू. त्यांच्या बौद्ध धम्मावरील ग्रंथाला 1948 साली बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली.

पण दुसरी बाजूही मुलांना सांगितली. ऑल्कॉट 1907 साली वारले आणि ॲनी बेझंट अध्यक्ष झाल्या. 1909 साली त्यांनी लिहिले की, अस्पृश्यांच्या मुलांना इतर मुलांच्या शाळेत बसवू नये. स्वच्छतेचे कारण पुढे केले. बाबासाहेबांनी 1945 सालच्या आपल्या ग्रंथात हा लेख उद्धृत करून ठेवला आहे. बाग एकच, संस्था एकच. एकाने शाळेचे दार उघडले, दुसरीने आपल्या लेकरांना वेगळे बसवायला सांगितले.

ऑल्कॉट यांच्या नावाची शाळा आजही गरिबांच्या मुलांना मोफत शिकवते. ती आहे बेझंट नगरमध्ये! हे ऐकून आई म्हणाली, ‘‘नाव कुणाचंही असू दे बाबा, पोरं शिकतायत ना?’’

पलीकडच्या तीरावर 2011 साली खुले झालेले अड्यार पूंगा हे निसर्ग उद्यान आहे. कचरा आणि राडारोडा टाकून बुजवलेली खाडी साफ करून तिथे पुन्हा झाडे वाढवली आहेत. दोन्हीकडे जाण्याआधी वेळ आणि परवानगीची चौकशी जरूर करा.

निघताना धाकटी पुन्हा वडाकडे पळाली. ‘‘यातलं पहिलं खोड कुठलं?’’ तिने विचारले. आम्हाला दाखवता आले नाही. आईने मात्र जमिनीला टेकू पाहणारी एक कोवळी पारंबी तिच्या हाती दिली.