लॅपटॉपवरचा बाण उड्या मारतो? आधी हाताला दोष देऊ नका



या अंकात मी व्याजाच्या हिशोबावर लिहिणार होते. ते पुढच्या वेळी. जून महिन्यात अनसिंगकडच्या आपल्या एका ग्रामसंघात जे घडलं, ते आधी सांगायला हवं. तुमच्याकडेही घडू शकतं. कदाचित घडूनही गेलं असेल आणि कोणाच्या लक्षात आलं नसेल.

एका गटातल्या ताईंनी मे महिन्याचा १,५०० रुपयांचा हप्ता बैठकीत सगळ्यांसमोर भरला. वहीत नोंद झाली, पासबुकावर सही झाली. लिपिकाताईंनी रात्री घरी बसून तीच नोंद लॅपटॉपवर एक्सेलच्या तक्त्यात चढवली. जूनच्या बैठकीत त्या ताईंनी सोयाबीनच्या बियाण्यासाठी कर्ज मागितलं. तक्ता उघडला, तर त्यांच्या नावापुढे मे महिन्याचा रकाना रिकामा. म्हणजे थकीत! आणि वरच्या ओळीतल्या काकू, ज्या मे महिन्यात बैठकीला आल्याच नव्हत्या, त्यांच्या नावावर १,५०० जमा. एकूण बेरीज जुळत होती, म्हणून महिनाभर कोणाला काही कळलं नाही.

"म्या भरले ना पैसे, साऱ्यायच्या समोर भरले," त्या ताई म्हणत होत्या. पासबुक घरी राहिलं होतं. ते आणेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात त्या बाईकडे लोकांनी कसं पाहिलं, ते मी पाहिलं. पासबुक आलं, सही दिसली, कर्ज मंजूर झालं. पण चहा घ्यायला त्या थांबल्या नाहीत.

मी लिपिकाताईंवर चिडले. "लक्ष कुठं असतं तुमचं?" असं सगळ्यांसमोर बोलले. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मॅडम, मी बरोबरच लिहिते. तो बाणच उडून जाते." मला वाटलं, कारण सांगतायत. मग त्यांच्या घरी जाऊन तोच लॅपटॉप घेऊन बसले आणि चौथ्या नोंदीला माझाही आकडा भलत्याच ओळीत गेला. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, कॉलेजपासून कॉम्प्युटरवर बसणारी. तिथेच त्यांची माफी मागितली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोरही मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर.

आता हे का होतं ते समजून घेऊ.

लॅपटॉपवर कळफलकाच्या खाली जी गुळगुळीत चौकोनी पट्टी असते, तिला टचपॅड म्हणतात. आपल्याला वाटतं की ती दाब ओळखते, म्हणून "माझा हात जड आहे" असं आपण म्हणतो. पण बाण हलतो तो दाबानं नाही. पट्टीच्या खाली बारीक वाहक रेषांची जाळी असते आणि तिच्यात अगदी थोडी वीज खेळत असते. आपल्या अंगातून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ आलं की त्या जागी विजेत किंचित फरक पडतो. तो फरक मोजून लॅपटॉप ठरवतो की बोट कुठं आहे. मोबाईलच्या काचेचंही असंच आहे. खात्री करायची असेल तर लाकडी पेन्सिलीचं मागचं टोक पट्टीवर कितीही दाबून फिरवा, बाण जागचा हलत नाही. बोट नुसतं टेकलं तरी हलतो.

म्हणजे पट्टीला बोट आणि तळहात यातला फरक फारसा कळत नाही. आपण टाइप करतो तेव्हा अंगठ्याच्या मुळाजवळचा गुबगुबीत भाग पट्टीला टेकतो. पट्टी समजते, ताईंनी टिचकी मारली! मग बाण त्या क्षणी जिथं पडलेला असेल तिथं क्लिक होतो आणि पुढचा आकडा तिथं जातो. एक्सेलमध्ये तर जास्तच वांधा. ज्या रकान्यावर क्लिक झालं तिथं आधी काही लिहिलेलं असेल, तर नवीन आकडा त्याच्यावरच चढतो आणि जुना पुसला जातो. आवाज नाही, सूचना नाही. हातात धातूची पाटली किंवा कडं असेल आणि ते पट्टीला लागलं, तरी पट्टीला ते बोटच वाटू शकतं. ओला हात, तेलाचा हात, कणकेचा हात यानंही बाण भरकटतो. तेव्हा हात कोरडा करून बसा, पाटल्या थोड्या वर सरकवा, आणि पट्टी कोरड्या मऊ फडक्यानं पुसत जा. पाण्याचा हबका मात्र मारू नका.

पण त्या घरी आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिपिकाताईंनीच ओळखली होती. त्या म्हणाल्या, "लाइट गेली का बरं चालते." मी आधी हसले. मग चार्जर काढून पाहिला. खरंच, बाणाची थरथर थांबली. चार्जर लावला की बोट स्थिर ठेवलं तरी बाण थरथरतो, काढला की शांत.

कारण घरातली अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची असते. नको असलेली वीज तिच्यातून जमिनीत जाते. आपल्याकडे बऱ्याच घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण मागं तार जोडलेली नसते. किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घालून काम भागवतात. काही ठिकाणी तर जाड पिन तोडूनच टाकलेली असते. मग ती थोडीशी वीज लॅपटॉपच्या अंगावर राहते. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून हात फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं ना, ते हेच. आणि पट्टीचं सगळं काम विजेतला बारीक फरक मोजण्याचं, म्हणून तिचा गोंधळ होतो. हलका, नकली चार्जर असेल तरी असाच त्रास होऊ शकतो.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. चार्जर काढा आणि पाच मिनिटं बॅटरीवर काम करा. थरथर थांबली तर दोष चार्जरकडं किंवा घराच्या वायरिंगकडं आहे. तोवर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करायचा, आणि नोंदी करायला बसताना चार्जर काढून बसायचं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा असेल तर तो उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि काम करेनासा होतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं, हे आपल्या आजोबांना माहीत होतं, आपण विसरलो. आणि हे नुसतं बाणासाठी नाही, कूलर आणि मोटारीच्या शॉकपासून वाचायलाही तीच तार कामाला येते.

चार्जर काढूनही बाण उड्या मारत असेल तर सेटिंग बदलायची. बाणच नीट चालत नाही तर सेटिंग उघडायची कशी, असं एका ताईंनी विचारलं होतं. खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि 'आय' दाबा. सेटिंग्ज उघडतं. विंडोज ११ असेल तर 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'टचपॅड', त्यात 'टॅप्स'. विंडोज १० असेल तर 'डिव्हायसेस' आणि मग 'टचपॅड'. तिथं 'टचपॅड सेन्सिटिव्हिटी' असं लिहिलेलं दिसेल आणि चार पर्याय असतील: मोस्ट सेन्सिटिव्ह, हाय, मीडियम, लो. त्यातला 'लो' निवडा.

या नावानं थोडी फसगत होते. 'लो' केलं म्हणजे बाण हळू चालेल असं नाही, त्याचा वेग वेगळ्या ठिकाणी ठरतो. 'लो' म्हणजे तुम्ही कळ दाबल्यानंतर थोडा वेळ पट्टीनं टिचकी मनावर घ्यायची नाही. अंगठा चुकून लागला तरी ती दुर्लक्ष करते. जुन्या लॅपटॉपवर हे चार पर्याय दिसत नाहीत. काहींवर 'डिले' असा शब्द असतो, तिथं 'लाँग' निवडायचं.

तरीही मला विचाराल तर नोंदी करणाऱ्या ताईंसाठी त्याच पानावरचा दुसरा पर्याय जास्त कामाचा आहे. 'टॅप विथ अ सिंगल फिंगर टू सिंगल-क्लिक' याच्यापुढची खूण काढून टाका. मग नुसत्या टिचकीनं क्लिक होतच नाही. पट्टीचा खालचा भाग कट् आवाज येईपर्यंत दाबावा लागतो, आणि तेवढा दाब चुकून सहसा पडत नाही. खुरपून-निंदून ज्यांच्या बोटांची कातडी जाड झालीय, त्यांची टिचकी पट्टीला कधी लागते, कधी लागत नाही. मग त्या पुन्हा पुन्हा मारतात आणि डबल क्लिक होऊन भलतंच उघडतं. त्यांनाही दाबून क्लिक करणं सोपं जातं. पहिले दोन दिवस अवघड वाटतं, मग सवय होते.

महिनाअखेरीला खूप नोंदी असतील तर सरळ तारेचा माउस घ्या. गटाच्या खर्चात बसेल एवढाच त्याचा भाव असतो. माउस लावल्यावर त्याच टचपॅडच्या पानावर 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड' याची खूण काढा, म्हणजे माउस असेपर्यंत पट्टी झोपून राहील. माउस चकचकीत फरशीवर किंवा स्टीलच्या ताटावर नीट चालत नाही. खाली वहीचा पुठ्ठा ठेवा.

एक गोष्ट मात्र घरी सोडवायची नाही. पट्टी एका बाजूनं वर आल्यासारखी दिसत असेल, दाबली जात नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती पेट घेऊ शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्ज करू नका, दाबून बसवायला जाऊ नका, आणि दुरुस्तीच्या दुकानात दाखवा.

आता नोंदींचं. रकान्यातून रकान्यात जायला पट्टी लागतच नाही. 'टॅब' दाबलं की उजवीकडं, 'एंटर' दाबलं की खाली, आणि बाणांच्या चार कळा आहेतच. आकडा भलतीकडं गेला तर घाबरून पुसत बसू नका, 'कंट्रोल' आणि 'झेड' एकत्र दाबा, मागचं परत येतं. तक्ता पूर्ण झाल्यावर नुसती बेरीज जुळवून उठू नका. बेरीज जुळूनच तर मे महिन्याची चूक लपली होती. एकीनं वहीतून नाव आणि रक्कम मोठ्यानं वाचायची, दुसरीनं पडद्यावर बोट ठेवून पाहायचं. १२ जणींच्या गटाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हे सगळं इतकं लांबवून सांगण्याचं एक कारण आहे. बाण उडायला लागला की "मला नाही जमत बाप्पा" म्हणून आपण लॅपटॉप घरातल्या पोराकडं सरकवतो. तो पटापट करतो, कबूल. पण मग पासवर्ड त्याला माहीत, ओटीपी त्याच्या हातात, आणि कोणाचं किती कर्ज आहे हे गावात त्याच्या मित्रांनाही माहीत. दोन गटांत हे होताना मी पाहिलं आहे. पोरगा वाईट नव्हता. पण हिशोब गटाचा आहे.

त्या लिपिकाताईंनी टिचकी बंद केली, चार्जर काढून बसतात आणि जून-जुलैच्या नोंदी त्यांनीच केल्या. वायरमन अजून यायचा आहे. पुढच्या मासिक बैठकीला अनसिंगला येताना ज्यांचा बाण उडतो त्यांनी लॅपटॉप चार्जरसकट घेऊन या. बैठक ११ ला आहे, तुम्ही १० लाच या. त्या ताई आणि मी, दोघी मिळून एकेक लॅपटॉप बघू.