आरशातील तारका

इ.स. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड शहरी विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने, अपस्माराच्या झटक्यांनी हैराण झालेल्या हेन्री मोलेसन नामक २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग, व त्यासमवेत हिप्पोकॅम्पसचा बराचसा अंश, काढून टाकला, तेव्हा आपण स्मृतीच्या दप्तरखान्यातील नोंदणी-कारकूनच बडतर्फ करीत आहोत, याची त्याला कल्पना नव्हती. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवे; नवी नोंद मात्र दप्तरी पडेना.

माँट्रियलहून आलेल्या ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याच्यापुढे एक दुहेरी रेषांची तारका ठेवली आणि हाताकडे न पाहता, केवळ आरशातील प्रतिबिंबावर नजर ठेवून, त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवावयास सांगितले. (वाचकांनी हा उद्योग एकवार करून पाहावा, भल्याभल्यांची बोटे बंड करतात.) तीन दिवसांत त्याच्या चुका झपाट्याने घटल्या, आणि तरीही हे काम आपण पूर्वी कधी केल्याचे त्याला स्मरेना! हाताचे कसब आणि प्रसंगांची आठवण यांचे महाल मेंदूत निराळे आहेत, हे त्या साध्या कागदाने दाखविले. एकाच रुग्णावरून सिद्धान्त उभारू नये, हा आक्षेप रास्तच. पण पुढे इतर रुग्णांनीही हीच साक्ष दिली.

२००८ साली त्याचे निधन होईपर्यंत शास्त्रीय वाङ्मयात तो केवळ ‘एच. एम.’ होता; मिल्नरबाईंना मात्र प्रत्येक भेटीत आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे.