मुक्या जिवाची भाषा

वस्तीत एखाद्या मुलाला कुत्रा चावला की मोठी माणसे हमखास म्हणतात, ‘कालपर्यंत शेपटी हलवीत होता, आज अचानक उलटला.’ पिसाळलेला कुत्रा सोडला तर असे अचानक सहसा घडत नाही. कुत्रा आधी सांगत असतो; आपणांस ते कळत नाही, असे आम्हांस वाटते.

शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूष, हा पहिला गैरसमज. अंग सैल सोडून कंबरेसकट शेपटी हलविणारा कुत्रा बहुधा खुशीत असतो. परंतु अंग आखडलेले, नजर रोखलेली आणि ताठ शेपटीचे टोक तेवढे थरथरत असेल, तर तो इशारा समजावा. झोप आलेली नसताना जांभई देणे, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, तोंड फिरविणे, या अस्वस्थतेच्या खुणा होत. गुरगुरणे ही उघड सूचना. त्याबद्दल मार दिल्यास कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती मात्र राहते. मग तो न सांगताच चावतो.

दुसरा गैरसमज ‘अपराधी’ चेहऱ्याचा. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतील संशोधिकेने २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरे, कधी खोटे सांगण्यात आले. तो पडलेला चेहरा गुन्ह्यामुळे नव्हे, मालकाच्या रागावण्यामुळे होतो, असे दिसून आले. निर्दोष कुत्रेही रागावल्यावर तसेच दिसले.

येथे कुक्कुर जातकाची आठवण होते. वाराणसीच्या राजाच्या रथाचा कातडी साज राजवाड्यातल्याच कुत्र्यांनी खाल्ला. पण मारण्याचा हुकूम सुटला तो बाहेरच्या कुत्र्यांना. त्यांच्या नायकाने राजाकडे चौकशी मागितली. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजताच कातड्याचे तुकडे उलटून पडले. चौकशीआधी शिक्षा नको, हा बोध पिढ्यान्‌पिढ्या न ऐकताच शिक्षा भोगलेल्या आपल्या समाजाला वेगळा सांगावयास नको.

म्हणून मुलांना शिकवू या: खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, अंगावर आल्यास पळू नये, स्तब्ध उभे राहावे. तरीही चावलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मैत्रीभावनेला डोळसपणाची जोड हवी, ती यासाठीच.