विश्लेषण : सातमाळा डोंगररांग कशी तयार झाली? झिजलेला डोंगर जातो कुठे?

पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा महामार्गाने चांदवडकडे निघाले की समोर सातमाळा रांग दिसते. सपाट माथे, पायऱ्यांसारखे कडे. या आकारातच तिचा इतिहास दडला आहे.

हिमालय आणि सातमाळा यांत फरक काय?

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून उचलला गेला. ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तो आजही वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. सातमाळा मात्र कोरून उरलेली रांग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला. थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. नद्यांनी ते कापले. जे उरले ते डोंगर.

पायऱ्या का दिसतात?

सर्व थर सारखे कठीण नाहीत. घट्ट काळ्या पाषाणाचे उभे कडे राहतात, तर सच्छिद्र मांजऱ्या खडक लवकर झिजून उतार होतो. विहीर खोदणाऱ्यांना हे दोन्ही खडक ओळखीचे असतात. धोडप किल्ल्याची प्रसिद्ध कातळभिंत म्हणजे भेगेत थिजलेला लाव्हारस. आजूबाजूचा खडक झिजला, भिंत उरली.

झीज होऊनही उंची कशी टिकते?

पिकअपमधून द्राक्षांचे क्रेट उतरवले की पाट्यांवरचा भार कमी होऊन गाडी वर उचलली जाते. तसेच खडक वाहून गेल्यावर हलके झालेले भूकवच हळूहळू वर येते. त्यामुळे झिजेची काही प्रमाणात भरपाई होते.

झिजलेला डोंगर जातो कुठे?

शेतात. निफाड तालुक्यातील काळी माती म्हणजे याच बेसॉल्टचा भुगा. द्राक्ष, कांदा, टोमॅटो त्यावरच पिकतात. उरलेला गाळ कादवा आणि गोदावरी वाहून नेतात. त्यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात साचलेल्या गाळातून पाणथळ तयार झाली. ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली.

मग चिंता कशाची?

वेगाची. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून ती काही जोरदार पावसांत वाहून जाते. डोंगराची झीज थांबवता येत नाही. बांधबंदिस्ती, समतल चर आणि गवताचे आच्छादन यांनी माती मात्र शेतात रोखता येते.