दहा कोंबड्या आणि शंभरांची कुपी

मंडळी, घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा घ्या की डोंबिवलीजवळचा, आता भोवती इमारती उभ्या राहिल्या. पण जवळच्या येऊरपासून पार शहापूरपर्यंत अंगणात पाच-दहा कोंबड्या बाळगणारी घरे आहेतच.

खर्च तो काय? खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ व्या दिवशी पिले बाहेर. कणी, कोंडा आणि उकिरड्यावरचे किडे यांवर भागते. घार-मुंगूस दोन-चार पिले नेणारच. तो हिशेब आपण मनाशी धरलेलाच असतो.

खरा घात मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. हिरवट हगवण, मान वाकडी, आणि बघता बघता खुराडे रिकामे! औषध नाही, लस आहे. पिलू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. मग घोडे अडते कुठे? कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची, बर्फात ठेवायची, नि कालवली की दोनेक तासांत संपवायची. दहा कोंबड्यांसाठी ती फोडणार कोण? तेव्हा गुरुजी, मुलांकडून घरोघरची मोजदाद करून घ्या. पाड्याने मिळून एकच कुपी आणावी. लस द्यायची ती सांजवेळी, पक्षी खुराड्यात आल्यावर. दिवसा धरायला जाल तर तुम्हीच दमाल!

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो आला, तेव्हा भोवतालचे पक्षीही मारावे लागले. म्हणून एकाएकी चार-सहा पक्षी मेले, तर उघड्या हाताने शिवू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेले बाजारात नेऊ नका. आधी गुरांच्या दवाखान्यात कळवा.