सायकलची चेन सटकते? आधी कारण शोधा!

आपल्या वस्त्यांमध्ये सायकल ही हौसेची वस्तू नाही. पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार, घरोघर पेपर टाकणारा मुलगा, दोन गावे ओलांडून हायस्कूलला जाणारी मुलगी, या सर्वांचा दिवस सायकलवर अवलंबून असतो. अलीकडे गिअरच्या, बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या रोड सायकलीही आपल्या मुलांच्या हाती आल्या आहेत. त्या बहुधा कोणीतरी वापरून विकलेल्या असतात. मग थोड्याच दिवसांत घरात तक्रार सुरू होते, ‘‘जोर लावला की चेन सटकते.’’

पालकांनी ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. चढ आला की मुलगा सीटवरून उठून पायडलवर उभा राहतो. सारा भार एका पायावर येतो. नेमकी त्याच वेळी चेन सटकली, तर पाय एकदम खाली जातो, तोल सुटतो आणि मुलगा रस्त्यावर पडतो. मागून ट्रक येत असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मात्र चेन सटकणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. म्हणून तपासल्याशिवाय औषध देत नाहीत. सायकलचेही तसेच आहे. कारण न शोधता सुटे भाग बदलत गेलो तर पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.

चार प्रश्न विचारा

सायकल चालवणाऱ्याला प्रथम चार प्रश्न विचारावेत. चेन फक्त जोर लावल्यावर सटकते की हलके चालवतानाही? सर्व गिअरमध्ये सटकते की एकाच? ठराविक फेऱ्यांनी सटकते की केव्हाही? आणि हे केव्हापासून सुरू झाले. पावसानंतर, सायकल पडल्यानंतर की नवी चेन टाकल्यानंतर? या उत्तरांतच निम्मे निदान असते.

फूटपट्टीची परीक्षा

फक्त जोर लावल्यावर सटकत असेल तर पहिला संशय झिजेवर घ्यावा. ही झीज मोजायला दप्तरातली फूटपट्टी पुरते. १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी रोलर चेनचे पेटंट घेतले. आज आपण वापरतो ती सायकलची चेन त्याच जातीची आहे. तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे १२ इंचांत बरोबर २४ अंतरे बसली पाहिजेत.

चेन पुसून घ्या आणि पायडल किंचित दाबून ती ताणून धरा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तेथून २४ वी पिन १२ इंचांच्या रेघेवर आली तर चेन चांगली आहे. ती रेघेच्या पुढे इंचाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर गेली असेल तर चेन बदलावी. इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटर गेली असेल, तर मागच्या चाकाचे दातेही बहुधा झिजलेले असतात.

‘चेन वाढली’ असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. धूळ आणि चिखल आत जाऊन पिना व त्यांची भोके झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी ढिलाई येते. अशी चेन दात्याच्या बुडाशी न बसता वर चढू लागते आणि जोर पडला की उडी मारते.

नवी चेन टाकली, तरी सटकते!

आमच्या वस्तीतील कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने पैसे साठवून सायकलला नवी चेन टाकली. दुसऱ्याच दिवशी ती पूर्वीपेक्षा जास्त सटकू लागली. दुकानदाराने खराब माल दिला, अशी घरच्यांची समजूत झाली आणि भांडणाची तयारीही झाली. आम्ही सायकल पाहिली. चेन उत्तम होती, पण मागचे दाते झिजून आकड्यासारखे वाकले होते. जुनी चेन आणि जुने दाते बरोबरीने झिजल्यामुळे ते दोघे कसेबसे जुळवून घेत होते. नव्या चेनचे माप अचूक. ती त्या झिजलेल्या खाचांत बसेना. फ्रीव्हील बदलल्यावर सटकणे थांबले.

यातून घेण्यासारखा धडा असा, की चेन वेळेवर बदलली तर दाते वाचतात. दुर्लक्ष केले तर चेन, मागचे फ्रीव्हील आणि शेवटी पुढचे चेनव्हील असा तिप्पट खर्च अंगावर येतो. नेहमी वापरायच्या एक-दोन गिअरमध्येच सटकत असेल, तर त्या चाकांचे दाते आधी पाहावेत.

ठराविक फेऱ्यांनी सटकत असेल तर

अशा वेळी एखादी कडी आखडलेली असते. समजा पुढे ४४ दाते आहेत आणि चेनला ११० कड्या आहेत, तर ती कडी पायडलच्या दर अडीच फेऱ्यांनी त्याच जागी येते. पायडल सावकाश उलटे फिरवा आणि मागच्या दोन छोट्या चाकांजवळ नजर ठेवा. आखडलेली कडी तेथे सरळ होत नाही, उसळी मारते. ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवून मोकळी करावी आणि तेलाचा थेंब सोडावा. गिअरच्या बारीक चेनची पिन हातोडीने ठोकून बसवू नये; ती पुढे रस्त्यात सुटू शकते.

गिअरचा दोष

हलके चालवतानाही टकटक आवाज येत असेल आणि चेन आपोआप शेजारच्या चाकावर जात असेल, तर दोष बहुधा केबलच्या ताणात असतो. केबल मागच्या गिअरमध्ये शिरते तेथे हाताने फिरवायचा स्क्रू असतो. चेन मोठ्या चाकावर चढायला कुरकुर करत असेल तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट अर्धा फेरा फिरवून पाहावे. लहान चाकावर उतरायला उशीर लागत असेल तर सुलट फिरवावे. तरीही फरक नसेल तर केबल गंजली आहे का ते पाहावे. पावसाळ्यानंतर असे हमखास होते.

सायकल उजव्या बाजूवर पडली असेल तर गिअर जेथे टांगलेला असतो तो तुकडा वाकतो. मागून पाहिल्यास वरचे दातेरी चाक आणि खालची दोन छोटी चाके एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. तशी दिसत नसतील तर मेकॅनिककडेच जावे.

साध्या सायकलीचे काय?

साध्या सायकलीत चेन सटकण्यापेक्षा पडतेच जास्त. मागच्या चाकाचे नट ढिले झाले की चाक पुढे सरकते आणि चेन लोंबते. चेन मध्यभागी बोटाने वर-खाली केली असता सुमारे अर्धा इंच हलावी. जास्त हलत असेल तर चाक मागे ओढून, मधोमध ठेवून नट घट्ट करावेत.

चेन दात्यांवर नीट आहे, ती फिरतेही आहे, पण चाक ओढले जात नाही, असे झाल्यास फ्रीव्हीलच्या आतले खटके अडकलेले किंवा झिजलेले असतात. पायडलच्या प्रत्येक फेरीत एकाच जागी ‘कट्’ असा धक्का बसत असेल, तर कॉटर ढिली आहे. त्यात चेनचा दोष नाही.

काळजी घ्या

तपासणी करताना लहान मुलांना दूर बसवावे. चेन आणि दाते यांच्यात बोट सापडले तर मोठी इजा होते. पायडल फिरत असताना चेनला हात लावू नये. ओढणी, पदर आवरून घ्यावा. दोष निघाला असे वाटले तरी पहिली फेरी मोकळ्या मैदानात, सीटवर बसूनच मारावी.

आठवड्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक रोलरवर मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे जादा तेल पुसून टाकावे. इंजिनचे जळके तेल वापरू नये. त्यातील धातूचे कण आणि काजळी चेनला आतून खातात. हे काम मुलांबरोबर मुलींनीही शिकावे. सायकल जिची, तिला ती उघडता आली पाहिजे.

मेकॅनिककडे जाल तेव्हा ‘‘सायकल बिघडली, बघा’’ एवढेच सांगू नका. ‘‘चेन मोजली, दीड मिलिमीटर वाढली आहे, मागचे दातेही बघून घ्या,’’ असे सांगा. मग तोही नेमके काम करील, आणि कष्टाचा पैसा जेथे लागायला हवा तेथेच लागेल.